आजीची न्हाणी आणि माझा शॉवर

अंघोळ या विषयावर लेख लिहायचा मला अधिकार नाही, असं माझ्या दोन्ही रूम पार्टनरांचं म्हणणं आहे. गेल्या सबमिशनच्या आठवड्यात मी किती दिवस नुसत्या पावडरवर काढले, याचे ते साक्षीदार आहेत. पण "मराठी विभागात या वेळी कविता फार झाल्यात, काहीतरी टेक्निकल दे" असं म्हणून संपादक मंडळाने मला मेसमध्ये गाठलं. आणि माझ्याकडे टेक्निकल म्हणावी अशी, स्वतःच्या हाताने केलेली एकच गोष्ट आहे. आजीसाठी बांधलेला शॉवर. वीज नाही, मोटर नाही, गिझर नाही. तो तिसऱ्या प्रयत्नात चालला. पहिले दोन का फसले तेच जास्त सांगणार आहे, कारण दोन्ही वेळा माझं गणित बरोबर होतं.

आमचं गाव भोर तालुक्यात, हिर्डस मावळात, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. गावात लाइट आहे, नळ आहे, डिश अँटेना आहेत. पण आमची भाताची खाचरं गावापासून वर, चालत पाऊण तासावर. तिथे दगडी जोत्यावर एक खोली आहे, कारवीचे कूड, वर पत्रा, शेजारी गोठा. आजोबा गेल्यापासून आजी बहुतेक तिथेच असते, दोन म्हशी आणि एक कुत्रं घेऊन. लाइटचे खांब तिथपर्यंत आलेले नाहीत. पाणी म्हणजे वरच्या अंगाला एक झरा. तिथून कळशीने आणायचं.

न्हाणी म्हणजे खोलीमागचा एक पसरट दगड आणि तीन बाजूंनी जुन्या साड्यांचा आडोसा. गुरं नेणाऱ्यांची वाट तिथून पाच हातांवरून जाते, म्हणून अंघोळ उजाडायच्या आत उरकायची. ऑगस्ट २०२३ मध्ये पहाटे झऱ्यावरून कळशी आणताना आजी त्याच दगडाच्या शेवाळावरून घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही त्या हाताने भरलेली बादली काही उचलेना. घरात बैठक बसली. आता आजीने वर राहायचं नाही, असं वडील आणि तात्या (माझे चुलते) दोघांचंही ठरलं. आजी म्हणाली, "म्हशी कुठं बांधू मग? तुमच्या हॉलमधी?"

बराच आवाज झाला. शेवटी वडिलांनी अट घातली, न्हाणी धड झाली तरच वर राहायचं. मी तेव्हा एस.ई. मेकॅनिकलला होतो, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये बऱ्यापैकी मार्क होते. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत मी करतो.

पहिला प्रयत्न पुस्तकातला. दोनशे लिटरचा निळा ड्रम भंगारवाल्याकडून आणला. (हे ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. केमिकलचा असेल तर कितीही धुतला तरी घेऊ नका. माझ्या ड्रममध्ये लिंबाच्या लोणच्याचा मसाला होता आणि पहिले पंधरा दिवस आमच्या पाण्यालाही होता.) ऊन लागून पाणी तापावं आणि आत शेवाळ धरू नये म्हणून ड्रमला काळा रंग दिला. जुन्या लाकडांचा आठ फूट उंच स्टँड केला, वर ड्रम, खाली अर्धा इंची पाइप, त्याला भोरच्या दुकानातून आणलेला चकचकीत शॉवर.

आता थोडं ‘हेड’बद्दल, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. पाइपातून पाणी किती जोरात येणार हे ड्रममध्ये किती लिटर आहे त्यावर ठरत नाही. ड्रममधल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापासून किती उंच आहे, एवढ्यावर ठरतं. एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब. घर्षण सोडलं तर एक मीटर हेडला पाणी सेकंदाला ४.४ मीटर वेगाने बाहेर पडतं. हेड चौपट केलं तर वेग दुप्पट होतो, कारण वर्गमूळ आहे. आपल्या होस्टेलला टाकी गच्चीवर आहे. तळमजल्यावरच्यांना दहा-बारा मीटर हेड मिळतं आणि सर्वांत वरच्या मजल्याला जेमतेम दोन. वरच्या मजल्याचे शॉवर रडतात ते यामुळे, रेक्टर सरांचा त्यात काही दोष नाही.

माझ्या स्टँडवर ड्रमचा तळ २.४ मीटरवर, आणि शॉवर मी लावला साडेसहा फुटांवर, म्हणजे २ मीटरवर. ड्रम पूर्ण भरलेला असताना हेड १.३ मीटर. रिकामा होत आला की ०.४. स्टँड एवढा उंच दिसतो, पण त्यातली बहुतेक उंची शॉवरच्या खालीच राहते, तिचा उपयोग शून्य! दुकानातला शॉवर बिल्डिंगच्या दाबासाठी केलेला, भोकं सुईच्या टोकाएवढी. त्यातून पाणी आलं, पण येऊन ते शॉवरच्याच तोंडाला चिकटून एका धारेने मधोमध ओघळलं.

ते दुरुस्त करता आलं असतं. स्टँड हलत होता, तेही करता आलं असतं. चार पाय आणि चार आडवी लाकडं म्हणजे चौकोन, आणि चौकोनाचा समांतरभुज चौकोन व्हायला फार वेळ लागत नाही, वर दोनशे किलो पाणी असेल तर मुळीच नाही. प्रत्येक बाजूला एक तिरकी कैची मारली की त्रिकोण होतात आणि डुलणं थांबतं. ट्रसचे प्रश्न सोडवणाऱ्या माणसाला हे तात्यांनी सांगावं लागलं, असो.

पण आजी बाहेर आली, स्टँडला एक फेरी मारली, वर बघितलं आणि विचारलं, "आरं, ह्यात पानी कोन चढवनार?"

शिडीवरून, मी म्हटलं. दहा-बारा बादल्या.

"कळशी घेऊन सपाटीला पडले मी. आता शिडीवरनं पडू व्हय?"

मी मनातल्या मनात गणित केलं होतं. दोनशे लिटर पाणी तीन मीटर चढवायला सुमारे ५.९ किलोज्यूल लागतात. एका ग्लुकोज बिस्किटात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. गणित आजही बरोबर आहे. फक्त त्या समीकरणात मनगट कुठेच येत नाही.

स्टँड उतरवला. त्याची लाकडं अजून गोठ्यात आहेत.

दुसऱ्या प्रयत्नाची कल्पना खरं तर झऱ्याकडे जाताना सुचली. आमची खाचरं पायऱ्यापायऱ्यांची आहेत. खोलीच्या मागेच वरच्या खाचराचा बांध आहे, आणि झरा त्याच्याही वर. म्हणजे डोंगराने स्टँड आधीच बांधून ठेवला होता आणि मी सपाट जागा शोधून त्यावर लाकडाचा डोंगर उभारत बसलो होतो.

उंच-सखल मोजायला थिओडोलाइट लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, पाणी भरायचं, एक टोक इकडे, एक टोक तिकडे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर चूक होते. मोजल्यावर वरचा बांध न्हाणीच्या फरशीपेक्षा २.१ मीटर उंच निघाला, आणि त्यावर झऱ्याचं तोंड आणखी चारेक मीटर वर. बांधावर अडीच फुटी दगडी ओटा रचला, त्यावर तोच ड्रम ठेवला. झऱ्यापासून ड्रमपर्यंत ४० मीटर काळा एच.डी.पी.ई. पाइप, आतला व्यास २० मि.मी. झऱ्याच्या तोंडाला छोटा दगडी हौद, पाइपाच्या तोंडावर जाळी आणि त्यावर आजीच्या लुगड्याचा तुकडा, पाला आणि खेकडे आत जाऊ नयेत म्हणून. ड्रम भरला की जादा पाणी वरच्या निपलमधून म्हशींच्या डोणीत, आणि डोण भरली की पूर्वीच्याच ओघळीत.

पाइप जाड का घेतला, तर घर्षणासाठी. मिनिटाला ६ लिटर पाणी १५ मि.मी. पाइपातून दहा मीटर न्यायचं तर साधारण ३५ सेंटिमीटर हेड नुसतं घर्षणात जातं. २० मि.मी. पाइपात तेच आठ-नऊ सेंटिमीटर. व्यासाचा पाचवा घात असतो तिथे. मोटर असेल तर असे तीस सेंटिमीटर कुणी मोजत नाही. ज्याच्याकडे एकूण हेडच मीटर-दीड मीटर आहे त्याने मोजावं.

पाइप जोडला, झऱ्याचं तोंड उघडलं आणि पाणी आलंच नाही. वरून जातंय दिसतंय, खाली थेंब नाही. अर्धा दिवस मी सगळे जॉइंट उघडून टेफ्लॉन टेप गुंडाळत बसलो. मग कळलं की मध्ये एका खडकावरून पाइप वर चढून खाली उतरत होता आणि त्या उंचवट्यात हवा अडकली होती. दाब भरपूर असला तर पाणी हवेला पुढे ढकलतं. कमी हेडला तो फुगाच बूच होऊन बसतो. हे एअर लॉक प्रकरण पुस्तकात दोन ओळींत येतं. खडकाला वळसा घालून पाइप सतत उतरता ठेवला आणि दहा मिनिटांत ड्रममध्ये धबधबा. वळसा शक्य नसेल तिथे उंचवट्याच्या माथ्यावर टी लावून हवा सोडायला एक उभी नळी ठेवावी लागते. तिचं तोंड झऱ्याच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर कारंजं होतं.

कळशी त्या दिवशी सुटली. शॉवर राहू दे, या एका गोष्टीवर आजी खूश होती.

शॉवरचं तोंड मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केलं. तीन इंची पी.व्ही.सी.ची एंड कॅप, तिला १.५ मि.मी.ची २० भोकं. वर्कशॉपच्या सरांनी ड्रिल बिट दिला आणि "आतली कड साफ कर, नाहीतर धारा वाकड्या जातील" हे सांगितलं. ते महत्त्वाचं निघालं. मीटरभर हेडला यातून हिशेबाने मिनिटाला साडेपाच लिटर येतात, प्रत्यक्षात पाचच्या आसपास. पाच मिनिटांच्या अंघोळीला पंचवीस लिटर, म्हणजे होस्टेलची सव्वा बादली.

तो मी पुन्हा साडेसहा फुटांवर बांधायला निघालो, तेव्हा आजीने विचारलं, "एवढा वर कुनासाठी?" ती आयुष्यात कधी उभी राहून अंघोळ करत नाही. दगडावर बसते. बसलेल्या माणसाला पाणी खांद्याच्या थोडं वर, सव्वा मीटरवर आलं तरी पुरे. शॉवर १.२ मीटरवर आणला आणि फुकटात ऐंशी सेंटिमीटर हेड वाढलं. मी दिवाळीपासून हेड कुठून वाढवू म्हणून डोकं खाजवत होतो!

राहिली उष्णता, आणि इथे मी सर्वांत जास्त तोंडावर आपटलो.

काळा ड्रम उन्हात ठेवला की पाणी तापतं ही समजूत. हिशेब करा. उभ्या ड्रमची सूर्यासमोर येणारी बाजू जेमतेम अर्धा चौरस मीटर. आपल्याकडे स्वच्छ दिवशी चौरस मीटरला साधारण ५ किलोवॅट-तास ऊन पडतं. त्यातलं चाळीस टक्के पाण्यात शिरलं असं धरलं तर दिवसाला एक किलोवॅट-तास. तेवढ्याने दोनशे लिटर पाणी चार-सव्वाचार अंशांनी तापतं. बस्स. पाणी फार आणि उन्हाला लागणारं अंग कमी, हा त्याचा दोष. पाइपाचं उलटं आहे. त्याच काळ्या पाइपाचं ४२ मीटरचं वेटोळं एका जुन्या पत्र्यावर सपाट पसरून बांधाच्या दक्षिणेकडच्या उतारावर टाकलं. आत पाणी फक्त १३ लिटर, पण उन्हाला लागणारं अंग एक चौरस मीटरच्या वर. डिसेंबरच्या दुपारी सव्वा तासात २२ अंशांचं पाणी ५२ वर गेलं. लॅबमधून मागून आणलेल्या थर्मामीटरने मोजलं. मी स्वतः दुपारी तीनला अंघोळ केली, आजीलाही हाताला लावून दाखवलं, आणि खूश होऊन झोपलो.

पहाटे पाचला आजी न्हाणीत गेली, तोटी सोडली, आणि तिथूनच माझ्या नावाने हाक आली. थर्मामीटर घेऊन धावलो. हवा ११ अंश, ड्रममधलं पाणी १५, आणि माझ्या वेटोळ्यातलं पाणी ९! जे मोठं अंग दिवसा ऊन घेतं तेच रात्री उष्णता सोडतं. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड केलेला पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. दव पडतं ते याचमुळे. म्हणजे दिवसा मी सोलर हीटर बांधला होता आणि रात्री फ्रीज.

मी म्हटलं, "अगं आजी, आता भिंती झाल्यात, कुणी बघत नाही. दुपारी कर ना अंघोळ."

"आनि देवाचा दिवा तवर बिनअंघोळीचा लावू?"

यावर थर्मोडायनॅमिक्समध्ये उत्तर नाही. अंघोळ पहाटेच होणार, हे डिझाइनमध्ये पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मी ते विचारलंच नव्हतं.

तिसरा प्रयत्न संक्रांतीच्या सुट्टीत, जानेवारी २०२४. तापवायची जागा आणि साठवायची जागा वेगळी केली. तात्यांकडे डेअरीचा ४० लिटरचा जुना ॲल्युमिनिअमचा कॅन होता. त्याला तळाशी भोक पाडून रबरी वॉशरसह निपल बसवला. फळ्यांची पेटी केली, कॅन मध्ये ठेवला आणि सगळ्या बाजूंनी वीतभर जाडीचं भाताचं तूस दाबून भरलं. तूस आमच्याकडे फुकट, आणि उष्णता अडवायला उत्तम, कारण त्यात हवा कोंडलेली असते. फक्त ते ओलं होता कामा नये, नाहीतर गुण जातो आणि उंदीर-किडे येतात. म्हणून पेटीला आतून जुना प्लॅस्टिक कागद आणि वरून पत्रा.

ही पेटी वरच्या बांधावरच, ड्रमच्या शेजारी खाली. रचना अशी की ड्रममधलं पाणी सर्वांत वर, कॅन त्याच्या खाली, शॉवर त्याच्याही खाली. ड्रममधून वेटोळ्यात, वेटोळ्यातून कॅनच्या तोंडात, सगळं उतारावर. मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह. दुपारी तो उघडला की मागून येणारं गार पाणी पुढच्या गरम पाण्याला ढकलत नेतं. लांब पाइपात दोन्ही फारसं मिसळत नाही, म्हणून दीड-दोन मिनिटं जवळजवळ सगळं गरमच येतं. मग बंद. सव्वा-दीड तासाने पुन्हा. तीन खेपांत कॅन भरतो.

मी यासाठी टायमर वगैरे लावायच्या विचारात होतो. आजीची पद्धत अशी आहे. पाइपाला हात लावायचा. चटका बसला की व्हॉल्व्ह सोडायचा, कॅनच्या तोंडाशी पाणी कोमट लागायला लागलं की बंद करायचा. दुपारी म्हशींना पाणी दाखवायला ती तिकडे जातेच. सेन्सर, कंट्रोलर आणि ॲक्च्युएटर सगळं एकात, बॅटरीची गरज नाही.

रात्रीत कॅनमधलं पाणी किती निवेल? हिशेबाने दोन-सव्वादोन अंश. प्रत्यक्षात संध्याकाळी ५२ होतं ते पहाटे ४४ झालं. बाकीची उष्णता झाकणातून आणि निपलमधून गेली असणार. व्हायवाला हे सांगितलं तर सर म्हणतील मॉडेल चुकलं. पण ४४ अंशांचं पाणी शॉवरमधून अंगावर पडेपर्यंत ४१-४२ होतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे त्यात मिसळायला गार पाणी लागतच नाही. ही चूक मी दुरुस्त केलेली नाही.

मिसळण्यावरून आठवलं. आधी मी गरम आणि गार दोन्ही पाइप शॉवरच्या मागे एका टीला जोडले होते. तसं करू नका. गार पाण्याचा ड्रम कॅनपेक्षा उंच, म्हणजे दाब जास्त. गार पाणी शॉवरकडे यायच्या ऐवजी गरम पाण्याच्या पाइपात उलटं घुसतं. मिसळायचंच असेल तर कॅनमध्ये मिसळा. उन्हाळ्यात पाणी फार तापतं तेव्हा आम्ही कॅन दोन भाग गरम आणि एक भाग गार असा भरतो. नाहीतर पंचावन्न-साठ अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीवर पडायला क्षण लागत नाही.

त्याहून मोठी चूक होता होता टळली. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, म्हणून गावच्या घरातला तांब्याचा बंब वर आणायचं ठरलं. माझा बेत होता की बंबाचं तोंड पक्कं बंद करायचं, ड्रममधून एक पाइप आत आणि दुसरा शॉवरकडे बाहेर. तात्यांनी कागदावरचं स्केच बघून एवढंच विचारलं, "आणि तोटी बंद असताना खाली जाळ चालू राहिला तर?" एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे लिटर जागा मागते. बंद भांड्यात ती मिळाली नाही तर भांडं फुटतं. बंबाला कायम उघडी राहणारी वाफेची नळी हवी, ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच नेलेली, आणि तिच्यावर कुठलाही व्हॉल्व्ह नको. मी शेवटी जोडणीच केली नाही. बंब जुन्या पद्धतीने उघडाच चालतो. पावसाळ्यात आमच्यापैकी कुणीतरी वर राहतं आणि कॅनमध्ये गरम पाणी ओततं. अर्ध्या लेखात वीज नाही, मोटर नाही म्हणून मिरवलो खरं, पण जुलै-ऑगस्टमध्ये हा शॉवर माणसावर चालतो.

फरशीबद्दल लिहिलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण आजी पडली होती ती पाण्याच्या दाबामुळे नाही. तो शेवाळाचा दगड काढून टाकला. घरच्यांना गुळगुळीत कडाप्पा हवा होता, धुवायला सोपा म्हणून. मी खरबरीत शहाबादी घातली, चाळीसला एक असा उतार दिला, पाणी साचणार नाही इतपत. बसायला फुटभर उंचीचा दगडी ठोकळा. उजव्या हाताला भिंतीत घट्ट बसवलेला बांबू, उठताना धरायला. भिंती खाली तीन फूट दगडाच्या, कारण कारवीच्या कुडाचं शेणामातीचं लिंपण उडणाऱ्या पाण्याने आठवड्यात धुऊन जातं. वर कूड. आणि दार. दाराला आतून कडी. आजीने सगळ्यात आधी ती कडी तीन वेळा लावून-काढून बघितली.

सांडपाण्यासाठी मी शोषखड्ड्याचं ड्रॉइंग केलं होतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात घरोघरी असे खड्डे केले, त्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. चारेक फूट खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. जागा कमी असेल तर तेच करावं. आमच्याकडे जागा ढीगभर, आणि आजीचं मत स्पष्ट होतं, "न्हानीचं पानी आळवाला." दगड भरलेला चर काढून पाणी अळू आणि दोन केळींकडे सोडलं. माझं ड्रॉइंग वहीत आहे.

खर्च एकूण सहा हजार आठशे. त्यात सर्वांत मोठा वाटा पाइपाचा, मग ड्रम आणि फरशी. दगड, लाकूड, तूस घरचं. मजुरी माझी आणि तात्यांची. ती धरली तर आकडा बदलेल, आणि वाया गेलेल्या स्टँडची धरली तर जास्तच.

होस्टेलवाल्यांना यातली एक गोष्ट आजच वापरता येईल. सकाळी सोलरची तोटी सोडल्यावर आधी गार पाणी येतं आणि आपण ते मोरीत सोडून देतो. गच्चीपासून बाथरूमपर्यंत २० मि.मी.चा तीस मीटर पाइप असेल तर त्यात नऊ-साडेनऊ लिटर पाणी रात्रभर गार होत पडलेलं असतं. तेवढं येऊन गेल्याशिवाय गरम येणारच नाही, तोटी कितीही हलवा. ते बादलीत धरून कपडे भिजवा. आणि आधीच्या माणसाच्या पाठोपाठ लगेच नंबर लावा, पाइप गरम असतो.

आता अडचण झऱ्याची. नोव्हेंबरमध्ये दहा लिटरची बादली पन्नास सेकंदांत भरत होती. मे २०२४ मध्ये लिटरच्या बाटलीला चार मिनिटं लागली. म्हणजे तासाला पंधरा लिटर, दिवसाला तीनशे साठ. त्यात दोन म्हशी, आजी आणि आलं-गेलं. मी म्हटलं, पुरेल की, अंघोळीला पंचवीसच लागतात. आजीने ऐकलं नाही. मे महिनाभर तिने शॉवर बंद ठेवून कॅनमधलंच पाणी बादलीत घेऊन तांब्याने अंघोळ केली. तांब्याने पाणी कमी लागतं, असं तिचं म्हणणं. मी दोन दिवस मोजलं. शॉवरने २३ लिटर, तांब्याने १४.

पावसाळ्याचं पाणी धरून ठेवायला वरच्या बांधावर फेरोसिमेंटची टाकी बांधावी असा विचार आहे. जाळी किती पदरी घ्यायची आणि क्युअरिंगला झऱ्याचं पाणी पुरेल का, यावर माझं अडलंय. सिव्हिलच्या कुणाला येत्या सुट्टीत चार दिवस मोकळे असतील तर बोला. जेवण आजीकडे, अंघोळ पहाटे पाचला.